स्मृतिभ्रंशाच्या चाचण्या आणि अंतराची किंमत

२०२३ च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘लेकानेमॅब’ या औषधाला पूर्ण मान्यता दिली, तेव्हा स्मृतिभ्रंशाच्या उपचारांत नवे पर्व सुरू झाल्याचे जगभर सांगण्यात आले. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अल्झायमरचा विकार. या विकारात मेंदूमध्ये साचणारे अमायलॉइड नावाचे प्रथिन हे औषध काढून टाकते. ज्या चाचणीच्या आधारे त्याला मान्यता मिळाली तिच्यात १,७९५ व्यक्ती सहभागी झाल्या होत्या आणि प्रत्येकीचा सहभाग दीड वर्षाचा होता. औषध घेणाऱ्यांची घसरण इतरांच्या मानाने २७ टक्क्यांनी मंदावली. मात्र अठरा गुणांच्या ज्या मोजपट्टीवर हे मापन झाले, तिच्यावर दोन गटांतील फरक अर्ध्या गुणापेक्षाही किंचित कमी होता. एवढा लाभ रुग्णाच्या नित्याच्या जीवनात जाणवण्याजोगा आहे की नाही, याविषयी वैद्यकशास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि तो वाद त्यांनीच निकालात काढावयाचा आहे. परंतु त्या वादाच्या गडबडीत दुसरा एक प्रश्न मागे पडतो, आणि त्याचा विचार करण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. तो प्रश्न असा की, अशा चाचण्यांच्या केंद्रापर्यंत पोहोचू शकतो कोण?

या चाचणीत औषध दर पंधरवड्यास शिरेवाटे द्यावयाचे होते. म्हणजे दीड वर्षात सुमारे ३९ खेपा. मेंदूला सूज येणे अथवा सूक्ष्म रक्तस्राव होणे हा या औषधाचा ज्ञात धोका असल्याने मधूनमधून एमआरआय काढणेही आवश्यक होते. शिवाय, सहभागी व्यक्तीचे रोजचे वागणे ठाऊक असलेला आणि त्याची माहिती देऊ शकणारा एक साथीदारही असावा लागतो. आता अशीच चाचणी एखाद्या शहरात चालू आहे आणि तेथून १०० किलोमीटरवरील गावातल्या वृद्धेने तिच्यात भाग घ्यावयाचा आहे, अशी कल्पना करावी. निव्वळ औषधासाठी तिला ७,८०० किलोमीटर प्रवास करावा लागेल. सोबतीस सून किंवा मुलगा आल्यास दोघांचे मिळून ७८ दिवस खर्ची पडतील. औषध शरीरात जाण्यास तासाभराचा अवधी पुरतो. दिवस जातो तो जाण्यायेण्यात. ज्या घरात दिवस बुडणे म्हणजे मजुरी बुडणे, तेथे या निमंत्रणाचे उत्तर काय येणार हे सांगावयास नको.

पुरावा कोणाविषयीचा?

अंतरामुळे काही लोक चाचणीबाहेर राहिले, एवढ्याने कोणाचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. औषधाचा गुण ठरला की तो सर्वांना सारखाच लागू! ही समजूत आकर्षक असली तरी खरी नाही. चाचणीतून मिळणारा पुरावा हा चाचणीत असलेल्या लोकांविषयीचा असतो. इतरांना तो लागू करणे हे अनुमान असते. ‘डोनानेमॅब’ या दुसऱ्या औषधाला अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली. त्याच्या मुख्य चाचणीतील १,७३६ सहभागींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गौरवर्णीय होते. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे दुखणे असे अनेक विकार एकत्र घेऊन जगणारे वृद्ध अशा चाचण्यांतून बहुधा गाळले जातात. आणि प्रत्यक्षात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आढळतो तो बहुतेक वेळा याच अवस्थेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता, आणि त्यांतील साठ टक्क्यांहून अधिक लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते. भारतातील वृद्धांच्या एका देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने साठीच्या पुढील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, हा विकार असल्याचे अनुमान काढले. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे आणि शहरी वृद्धांपेक्षा ग्रामीण वृद्धांचे प्रमाण अधिक आढळले. याचा अर्थ असा की, ज्यांना हा विकार अधिक जडतो त्याच नेमक्या चाचणीकेंद्रापासून सर्वांत दूर असलेल्या व्यक्ती आहेत. हे वैषम्य नवे नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तर आपले नावच ‘१०/६६’ असे ठेवले. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि तेथील लोकसंख्येवर होणारे संशोधन मात्र १० टक्क्यांहूनही कमी, हे त्या दोन आकड्यांतून सांगावयाचे होते.

अंतर आणि भाडे

अर्थशास्त्रात वस्तूची किंमत केवळ पैशात मोजली जात नाही. ती मिळविण्यासाठी ज्याचा त्याग करावा लागतो ते सर्व तिच्या किमतीत धरले जाते. या दृष्टीने पाहता वैद्यकीय चाचणी सहभागी व्यक्तीला ‘विनामूल्य’ असते हे म्हणणे केवळ औपचारिक अर्थाने खरे आहे. महाराष्ट्रातील एक उदाहरण या संदर्भात बोलके ठरेल. राज्य शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांस एस.टी.चा प्रवास मोफत केला. मार्च २०२३ मध्ये सर्व स्त्रियांना निम्मे भाडे लागू झाले. या सवलतींचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि तिकीट फुकट झाले म्हणून प्रवास फुकट होत नाही. गाडीची वाट पाहणे, उंच पायऱ्या चढणे, वेळेवर लघवीची सोय नसणे, परक्या गर्दीत बिथरून जाणे, हा सारा भार उरतोच. आणि ज्याची स्मृती ढासळू लागली आहे त्याच्या बाबतीत तर तो अनेक पटींनी वाढतो. शिवाय सोबत येणाऱ्या मुलाला पूर्ण भाडे पडते आणि दोघांचाही दिवस जातो. शेतातली कापणी किंवा दुकानाची वेळ कोणत्याही सवलतीच्या आदेशाने पुढे ढकलता येत नाही.

या किमतीचे एक वैशिष्ट्य असे की ती चाचणी करणाऱ्या संस्थेच्या हिशेबवहीत कोठेच दिसत नाही. यंत्रे, तज्ज्ञ, औषधे, विमा हे सारे खर्च तेथे नोंदले जातात. वृद्धेचा आणि तिच्या सुनेचा प्रवास मात्र त्या कुटुंबाच्या खाती पडतो. जो खर्च आपल्याला द्यावा लागत नाही तो कमी करण्याची धडपड कोणतीही संस्था सहसा करीत नाही. चाचण्या मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत एकवटतात याला तज्ज्ञ आणि यंत्रे तेथे असतात हे कारण आहेच. परंतु अंतराचे भाडे दुसराच कोणी भरतो, हेही तितकेच महत्त्वाचे कारण आहे.

गोव्याचा प्रयोग

चाचणी वृद्धांच्या घरी नेणे व्यवहार्य तरी आहे काय? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात, मिळून बराच काळ लोटला आहे. तेथील दोन तालुक्यांत स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती आणि त्यांची शुश्रूषा करणारे नातेवाईक यांच्यासाठी एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. येथे कसाला लावावयाचे होते ते नवे औषध नव्हे, तर घरी जाऊन दिलेली मदत. स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन ‘गृहशुश्रूषा सल्लागार’ म्हणून तयार करण्यात आले. समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली ते घरोघर जात. हा आजार म्हणजे काय, रुग्ण रात्री उठून चालू लागला किंवा चिडला तर कसे वागावे, घरातील कामाचा भार कसा वाटून घ्यावा, याविषयी ते कुटुंबाला मार्गदर्शन करीत. आणि आवश्यकता असेल तेथे तज्ज्ञ औषध देत.

८१ कुटुंबे या चाचणीत होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छ पद्धतीने त्यांपैकी ४१ कुटुंबांना मदत लगेच मिळाली आणि उरलेल्यांना सहा महिन्यांनी. कोणालाही कायमचे वंचित न ठेवता तुलना साधणारी ही योजना होती. ज्यांना मदत आधी मिळाली त्या घरांतील शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य लक्षणीय रीतीने सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला. चाचणीच्या काळात १८ रुग्ण दगावले. मदत मिळालेल्या गटात मृत्यू कमी होते. परंतु हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही आणि संशोधकांनीही तो तसा असल्याचा दावा केला नाही.

या आकड्यांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, पदवीधर तज्ज्ञांची फौज आणि महागडी यंत्रे यांच्याविनाही शास्त्रीय शिस्तीची चाचणी लोकांच्या ओटीवर होऊ शकते. दुसरी अशी की, ८१ कुटुंबांतील १८ रुग्ण चाचणी चालू असतानाच जातात, त्या लोकसमूहाला मोठ्या शहरातील केंद्राकडे महिनोन् महिने खेपा घालावयास सांगणे हा निव्वळ विनोद होय. घरी मिळालेल्या मदतीने आयुष्यही वाढते काय, हा प्रश्न त्या छोट्या चाचणीने उभा केला. त्याचा निकाल लावण्यास कित्येक पटींनी मोठी चाचणी लागेल. तशी चाचणी घरापर्यंत गेली तरच होईल.

गोव्यातच पुढे नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या साठीपुढील १८१ व्यक्तींवर अशाच धर्तीची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या परंतु प्रशिक्षित समुपदेशकांचे साहाय्य मिळालेल्या गटात वर्षभरात ४.४ टक्के व्यक्तींना नैराश्याचा आजार जडला, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात १४.४ टक्के व्यक्तींना. वृद्धांमध्ये, त्यांच्या भाषेत, त्यांच्या परिसरात काटेकोर संशोधन होऊ शकते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

काय हलविता येते

अर्थात सर्वच गोष्टी घरी नेता येणार नाहीत. एमआरआयचे यंत्र अविभाज्य असते. त्याचा निम्मा भाग जिल्ह्याला आणि निम्मा तालुक्याला ठेवता येत नाही. औषध जोखमीचे असेल तर पहिल्या काही मात्रा रुग्णालयातच दिल्या पाहिजेत. परंतु चाचणीतील किती कामे अशी अविभाज्य आहेत, हे तपासून पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. स्मृतीची प्रश्नावली, रक्तदाब, वजन, रक्ताचा नमुना, गोळ्यांची मोजदाद, शुश्रूषा करणाऱ्याशी संभाषण, ही कामे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा घरी होण्यासारखी आहेत.

करोनाच्या साथीने हे सिद्ध करून दाखविले. ब्रिटनमध्ये २०२० साली सुरू झालेली ‘प्रिन्सिपल’ ही चाचणी प्रामुख्याने पन्नाशीपुढील लोकांसाठी होती आणि सहभागी घरीच राहिले. त्यानंतरच्या ‘पॅनोरॅमिक’ चाचणीत तर एकाच औषधासाठी पंचवीस हजारांहून अधिक लोकांनी घरबसल्या भाग घेतला. २०२४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानेही अशा विकेंद्रित चाचण्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. स्मृतिभ्रंशाच्या निदानातील मोठा अडसरही आता थोडा सैल होत आहे. मेंदूतील अमायलॉइड ओळखण्यासाठी आजवर खर्चिक पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी लागे. मे २०२५ मध्ये अमेरिकेत याच कामासाठी पहिल्या रक्ततपासणीला परवानगी मिळाली. रक्ताची नळी प्रवास करू शकते. वृद्धाने करण्याची गरज नाही. मात्र मूत्रपिंडाच्या विकारात या तपासणीचे आकडे फसवे ठरू शकतात, म्हणून आपल्याकडील वृद्धांवर तिची स्वतंत्र पारख व्हावयास हवी.

अंतर केवळ किलोमीटरचे नसते. भाषेचे आणि अक्षराचेही असते. स्मृतीच्या सर्वांत प्रचलित परीक्षेत एक वाक्य लिहावयास, आकृती उतरवावयास आणि शंभरातून सात सात वजा करावयास सांगतात. ज्या आजीने आयुष्यात पेन्सिल धरली नाही तिचे गुण त्यात कमी पडतील. पण तेवढ्यावरून तिची स्मृती गेली असे ठरत नाही. उलट दुसऱ्या बाजूने ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून खऱ्या आजाराकडेही घरोघर काणाडोळा होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने साक्षर व निरक्षर या दोहोंना चालेल असा परीक्षासंच सिद्ध केला, तो प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. त्या पाचांत मराठी नव्हती. मराठीतील अशा साधनांना तर अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या वृद्धांपर्यंत पोहोचावयाचे आहे.

जवळिकीचे धोके

येथवरचे विवेचन वाचून चाचणी दाराशी आली की सर्व काही साधले, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस किशोरवयीन मुलींना देण्याचा एक संशोधनप्रकल्प राबविण्यात आला. तो लोकांच्या अगदी जवळ, शाळा आणि वसतिगृहांपर्यंत गेला होता. तेथेच अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे उघडकीस आले. प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. प्रश्न लसीच्या गुणाचा नव्हता, संमतीचा होता. दूरच्या रुग्णालयाला नकार देण्यासाठी तेथे न जाणे पुरेसे असते. दाराशी आलेल्या ओळखीच्या माणसाला नकार देणे कठीण जाते.

महाराष्ट्रात हा धोका नेमका कोठे उद्भवेल, हे सांगता येते. आशा स्वयंसेविका घरोघर जाऊन भरून घेतात त्या आरोग्यतक्त्यात साठीच्या पुढील व्यक्तींसाठी एक प्रश्न असतो: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतो काय? चाचणीसाठी सहभागी शोधण्याचा हा राजमार्ग आहे, आणि म्हणूनच तो जपून वापरला पाहिजे. ज्या ताई बाळंतपणाला धावून येतात, गोळ्या आणून देतात, त्यांचा शब्द खेड्यात सहसा मोडला जात नाही. त्यांना प्रत्येक सहभागीमागे मोबदला ठेवला तर त्यांच्या विश्वासाचेच दलालीत रूपांतर होईल. त्यांनी माहिती द्यावी. संमती घेणारी व्यक्ती वेगळी असावी. शिवाय स्मृतिभ्रंशात आज दिलेली संमती सहा महिन्यांनी संबंधितास आठवेलच असे नाही. म्हणून ती एकदाच सही घेऊन मिटणारी बाब न मानता, प्रत्येक भेटीत पुन्हा विचारली पाहिजे. आणि शब्दांनी नाही तर हाताने किंवा मान फिरवून दिलेला नकारही नकारच मानला पाहिजे.

खर्च कोणी सोसावा?

आपल्या २०१९ च्या ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या’ नियमांत चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार, मृत्यू वा अपंगत्व आल्यास भरपाई, आणि नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत दुर्बल सहभागींची संमती दृक्‌श्राव्य स्वरूपात नोंदविणे, अशा महत्त्वाच्या तरतुदी आहेत. त्यांत एके ठिकाणी अंतराचाही उल्लेख येतो: चाचणीकेंद्राची स्वतःची नीतिसमिती नसेल तर दुसरी मान्य समिती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या परिघात असली पाहिजे. म्हणजे समिती केंद्रापासून किती दूर असावी याचा विचार नियमकर्त्यांनी केला. सहभागी होणारा वृद्ध केंद्रापासून किती दूर असावा, याचा त्या तरतुदीत विचार नाही. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देण्याची मुभा आहे. परंतु मुभा म्हणजे बंधन नव्हे.

ही उणीव दूर करण्यास फार मोठी क्रांती नको. चाचणीला परवानगी मागणाऱ्या प्रत्येक संस्थेने सहभागी व्यक्तीला आणि तिच्या सोबत्याला किती खेपा, किती किलोमीटर आणि किती दिवस लागतील हे अर्जातच नमूद करावे; यांतील कोणत्या खेपा जिल्हा रुग्णालयात किंवा घरी भागविता येतील ते सांगावे; आणि उरलेल्या खेपांचा खर्च, सोबत्याच्या मजुरीसह, स्वतः उचलावा. अंतर एकदा संस्थेच्या हिशेबात आले की ते कमी करण्याची युक्तीही संस्थेलाच सुचेल. यावर आक्षेप येईल की चाचण्या महाग होतील आणि प्रायोजक दुसरीकडे जातील. परंतु खर्च आजही आहेच. तो केवळ गरीब कुटुंबाच्या माथी असल्यामुळे दिसत नाही. राहिला घरगुती शुश्रूषेच्या चाचण्यांचा प्रश्न. सल्ला आणि सोबत यांचे पेटंट घेता येत नाही, म्हणून त्यांच्या चाचणीला औषध कंपनी पैसा देणार नाही. तेथे शासनाने पुढे होणे हाच मार्ग आहे. कारण त्यातून मिळणारे ज्ञान सर्वांचे असते आणि म्हणूनच ते विकत घेण्यास एकटा कोणी पुढे येत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात साठीपुढील सुमारे १४ कोटी ९० लाख लोक होते. २०५० पर्यंत ती संख्या ३४ कोटी ७० लाखांवर जाईल. उद्या यांच्यासाठी कोणती औषधे घ्यावी, कोणत्या सेवांवर सार्वजनिक पैसा खर्चावा, हे शासनाला ठरवावे लागेल. त्या वेळी हाती असलेला पुरावा परदेशातील सुस्थितीतल्या सत्तरीच्या गृहस्थांविषयीचा असेल, की आपल्या खेड्यातल्या निरक्षर आजींविषयीचाही असेल, हे आज चाचण्या कोठे भरविल्या जातात यावर अवलंबून आहे. तो निर्णय घेण्यास अजून वेळ आहे. परंतु ज्यांच्याविषयी तो घ्यावयाचा, त्यांच्यापाशी मात्र फारसा वेळ नाही.